कविता पाठवायला पैसे कशाला? फुकट वाचणारी नियतकालिकं शोधायची रीत

पाच कवितांचा एक संच ४० नियतकालिकांकडे पाठवायचा म्हटलं आणि प्रत्येकानं ३ डॉलर वाचनशुल्क घेतलं, तर १२० डॉलर जातात. त्यातल्या बहुतेक ठिकाणांहून कविता साभार परत येणार हे तर धरूनच चालायचं. म्हणजे 'नको' असं ऐकायला १२० डॉलर! हा हिशेब मी एका वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि तेव्हापासून पैसे मागणाऱ्या ठिकाणी सहसा कविता पाठवल्या नाहीत. 'सहसा' म्हणते, कारण एकदा चुकून पैसे गेले. तो किस्सा पुढे येईल.

इथे मी बोलते आहे ते इंग्रजीत लिहिलेल्या किंवा इंग्रजीत अनुवाद झालेल्या कवितांबद्दल, म्हणजे जगभरातून कविता मागवणाऱ्या नियतकालिकांबद्दल. शुल्काची कटकट तिथे जास्त आहे आणि शुल्क न घेणारी चांगली ठिकाणंही तिथे भरपूर आहेत. फक्त ती शोधायला थोडी कारकुनी करावी लागते.

पैसे कशाचे मागताहेत?

तीन प्रकारचे पैसे मागितले जातात आणि तिघांना एकाच मापानं मोजून चालत नाही.

पहिला प्रकार वाचनशुल्काचा, साधारण ३ डॉलरच्या आसपास. पूर्वी कविता टपालानं जायच्या. पाकिटात आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घालायचं आणि त्यातून नकार घरी यायचा. मग २०१० मध्ये 'सबमिटेबल' ही ऑनलाइन व्यवस्था आली आणि इंग्रजी नियतकालिकांचं बरंचसं कामकाज तिच्यावर गेलं. ती वापरायचे पैसे नियतकालिकाला मोजावे लागतात आणि किती कविता स्वीकारता येतील यालाही मर्यादा असते. संपादक म्हणतात, तुम्ही टपालाला जे घालवत होतात तेच आम्हाला द्या. हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. अनेक छोटी नियतकालिकं दोन-तीन माणसं नोकरी सांभाळून चालवतात, त्यांना मी फसवी म्हणणार नाही. पण तेवढ्याच तोलामोलाची दुसरी नियतकालिकं फुकट वाचत असतील, तर आधी तिकडे जावं.

दुसरा प्रकार स्पर्धेच्या प्रवेशशुल्काचा. हे १५ ते ३० डॉलरपर्यंत जातं आणि त्यातून बक्षिसाची रक्कम उभी राहते. काही ठिकाणी शुल्काच्या बदल्यात वर्षभराचे अंक मिळतात. 'रॅटल' या अमेरिकी कविता-नियतकालिकाच्या वार्षिक स्पर्धेत तसंच आहे. अंक एरवीही घेणारच असाल तर तो वर्गणीचा खर्च समजा. नसाल तर ती एक सोडत आहे.

तिसऱ्या प्रकारापासून मात्र लांबच राहायचं. तुम्ही कविता पाठवता, लगेच अभिनंदनाचं पत्र येतं, तुमची कविता 'प्रातिनिधिक संग्रहा'साठी निवडली गेलेली असते. फक्त सहभाग शुल्क तेवढं भरायचं, किंवा जाडजूड संग्रहाची प्रत स्वतः विकत घ्यायची. अशा संग्रहाचा वाचक कोण? त्यात छापलेले कवी आणि त्यांचे नातेवाईक.

या धंद्यावर एक सुरेख सूड उगवला गेला आहे. डेव्हिड टॉब नावाच्या गृहस्थांनी 'वर्गल फ्लॉम्प' असं टोपणनाव घेऊन अशा स्पर्धेला मुद्दाम निरर्थक कविता पाठवली. पुढे 'विनिंग रायटर्स' या संस्थेनं त्याच नावानं विनोदी कवितांची स्पर्धा सुरू केली. सुरुवातीला तर अट अशी होती, की तुमची विडंबन कविता आधी एखाद्या फसव्या स्पर्धेला पाठवलेली असली पाहिजे! आता ती सरळ विनोदी कवितांची स्पर्धा आहे, प्रवेश फुकट असतो आणि मुदत संपते १ एप्रिलला.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात जेम्स मॅकडोनाल्ड यांचा एक नियम सांगतात: पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको. एखाद्या प्रकाशनाबद्दल शंका आली तर 'रायटर बिवेअर' इथे त्याचं नाव शोधून पाहा. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेच्या पाठबळावर चालणारा हा इशारा-फलक १९९८ पासून आहे आणि त्याचा झोत फसव्या प्रकाशकांवर, एजंटांवर आणि स्पर्धांवर असतो.

शोधायला निघण्याआधी

तीन ते पाच कवितांचा संच तयार ठेवा. संच आधी आणि शोध नंतर, हा क्रम मी मुद्दाम सांगते. कविता समोर नसताना नियतकालिकं धुंडाळायला बसलं की प्रत्येकच ठिकाण बरं वाटतं आणि संध्याकाळ नुसती याद्या चाळण्यात जाते.

संचात कविता निवडताना एक गोष्ट तपासा: ती याआधी कुठे दिसली आहे का? बहुतेक नियतकालिकांना अप्रकाशित कविता लागते आणि 'अप्रकाशित'चा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. फेसबुकवर टाकलेली कविता कित्येक संपादक छापून झालेली धरतात. 'रॅटल' मात्र स्पष्ट म्हणतं, की स्वतःच्या ब्लॉगवर किंवा समाजमाध्यमावर टाकलेलं आम्ही प्रकाशित मानत नाही. तेव्हा जी कविता बाहेर पाठवायची आहे ती तूर्त भिंतीवर टाकू नका. टाकून झाली असेल तर ती वेगळ्या ढिगात ठेवा. त्या ढिगासाठीही ठिकाणं मिळतात, फक्त कमी.

कुठे शोधायचं

सगळ्यात आधी 'पोएट्स अँड रायटर्स'ची नियतकालिकांची सूची उघडा. ही १९७० साली सुरू झालेली ना-नफा संस्था आहे आणि सूची पाहायला पैसे पडत नाहीत. साहित्यप्रकारात 'कविता' निवडा, वाचनशुल्काच्या गाळणीत 'शुल्क नाही' निवडा, एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवलेलं चालतं का तेही निवडा. उरलेली यादी अजूनही लांब असेल, पण निदान तिच्यात पैसे मागणारी नावं बरीच कमी झालेली असतील.

दुसरं ठिकाण 'द सबमिशन ग्राइंडर'. याची जन्मकथा आपल्या विषयाशी जुळणारी आहे. 'ड्यूओट्रोप' नावाची सूची लेखकांत फार वापरली जायची, आणि ती फुकट होती. २०१३ पासून तिनं वर्गणी लावली, तेव्हा डेव्हिड स्टेफन यांनी फुकट पर्याय म्हणून ग्राइंडर उभा केला. तो दिसायला साधा आहे, रंगरंगोटी नाही, पण त्याची खरी ताकद लेखकांनी स्वतः भरलेल्या माहितीत आहे: कोणत्या नियतकालिकाचं उत्तर किती दिवसांनी आलं, किती जणांना होकार मिळाला, किती जणांना नकार. नियतकालिक स्वतः 'तीन महिन्यांत कळवू' म्हणतं आणि इथे दिसतं की लोक आठ-आठ महिने थांबले आहेत. अशा वेळी मी लोकांवर विश्वास ठेवते.

'चिल सब्ज' ही सूची दिसायला सगळ्यात प्रसन्न. शुल्क नाही, मानधन मिळतं, आत्ता कविता मागवणं चालू आहे, अशा गाळण्या तिथे लावता येतात. 'ऑथर्स पब्लिश' फुकट बातमीपत्र पाठवतं आणि लेखकाकडून पैसे घेणारे प्रकाशक त्यात घेत नाही. मी त्याची नोंदणी वेगळ्या ईमेलवर केली आहे, नाहीतर रोजच्या टपालात ते बुडून जातं. छोट्या नियतकालिकांची आणि प्रकाशनांची 'सीएलएमपी' नावाची अमेरिकी संघटना आहे, तिचीही सभासदसूची बघण्यासारखी आहे.

पण माझ्या मते सूचीपेक्षा भरवशाचा एक जुना मार्ग आहे. तुम्हाला मनापासून आवडलेल्या एखाद्या समकालीन कवीचा संग्रह घ्या आणि ऋणनिर्देशाचं पान उघडा. 'या संग्रहातील कविता पूर्वी पुढील नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत' असं म्हणून तिथे पंधरा-वीस नावं दिलेली असतात. ज्याची कविता तुमच्या कवितेच्या गोत्रातली आहे, त्याला जागा देणारे हे संपादक आहेत. अशी तीन-चार पुस्तकं घेऊन नावं एका कागदावर उतरवा. दोन पुस्तकांत तेच नाव आलं तर त्याखाली रेघ मारा. मग फक्त ही नावं सूचीत टाकून शुल्क बघा. सूचीला तुमची कविता कशी आहे ते कळत नाही. या कागदाला थोडंफार कळतं.

पाठवायच्या पानावर काय बघायचं

सूचीत 'शुल्क नाही' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. सूची जुनी होते, नियतकालिक धोरण बदलतं. शेवटचा शब्द नियतकालिकाच्या स्वतःच्या नियमपानाचा.

आता तो कबूल केलेला किस्सा. सबमिटेबलवर नियतकालिकाचं पान उघडलं की एकाखाली एक फॉर्म दिसतात. मी उघडलेल्या पानावर सगळ्यात वर 'कविता' होतं, मी त्यावर दाबलं. नाव, परिचय, फाइल, सगळं भरलं, कार्डाचा नंबर आधीच जतन झालेला होता आणि शेवटचं बटण दाबताना रकमेकडे नजर गेलीच नाही. पोच आली तिच्याबरोबर पैशाची पावतीही आली. परत जाऊन पान खाली सरकवलं, तर तिसऱ्या फॉर्मवर लिहिलं होतं: कविता, निःशुल्क. वरचा फॉर्म 'नियतकालिकाला हातभार लावा' या प्रकारातला होता. फसवणूक म्हणता येणार नाही, सगळं लिहिलेलं होतं. वाचलं नाही ते मी.

तेव्हापासून मी पान तळापर्यंत सरकवल्याशिवाय कुठलाच फॉर्म उघडत नाही. एकाच नियतकालिकाचे चार फॉर्म असू शकतात: साधा फुकटचा, ऐच्छिक देणगीचा, पैसे देऊन लवकर उत्तर मिळवण्याचा आणि पैसे देऊन संपादकाचा अभिप्राय मिळवण्याचा. शेवटच्या दोहोंची गरज मला आजवर वाटलेली नाही. महिनाभरात येणारा नकार आठवड्यात आला म्हणून तो होकार होत नाही.

फुकटचा फॉर्म कधीकधी लपलेला नसतो, बंद असतो. काही नियतकालिकं महिन्याला ठरावीक संख्येपर्यंतच फुकट स्वीकारतात. कोटा भरला की दार बंद, पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पुन्हा उघडतं. अशांची नावं कॅलेंडरमध्ये घाला आणि त्यांच्या घड्याळातली १ तारीख तुमच्याकडे किती वाजता उजाडते तेही लिहून ठेवा. लोकप्रिय ठिकाणांचा कोटा फार टिकत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांची नियतकालिकं बऱ्याचदा सप्टेंबर ते मे एवढंच वाचतात, कारण पहिलं वाचन विद्यार्थी करतात आणि उन्हाळ्यात ते नसतात. काही ठिकाणी ऑनलाइनला शुल्क आणि टपालानं आलेल्या कविता फुकट, अशीही सोय अजून आहे. शिवाय नियमपानाच्या अगदी तळाशी कधीकधी एक ओळ असते, की शुल्क परवडत नसेल तर आम्हाला लिहा. तसं लिहिण्यात कमीपणा नाही. कारण सांगत बसू नका. 'शुल्कमाफी मिळू शकेल का?' एवढं एक वाक्य पुरतं.

नियमपान वाचताना आणखी चार गोष्टी नोंदवून घ्या: किती कविता, नाव फाइलमध्ये हवं की नको, दुसरीकडे पाठवलेली चालते का, आणि छापल्यावर हक्क कोणाकडे.

सुरुवातीला काही नावं

शिकागोचं 'पोएट्री' मासिक हॅरिएट मन्रो यांनी १९१२ साली काढलं. कुठल्याही पंथाशी बांधून न घेता चांगली कविता छापायची, दार उघडं ठेवायचं, हे त्यांचं जाहीर धोरण होतं. आजही तिथे कविता पाठवायला पैसे लागत नाहीत आणि छापली तर मानधन मिळतं. 'द न्यू यॉर्कर'ही कवितांसाठी शुल्क घेत नाही. या दोन ठिकाणी निवड होणं किती अवघड आहे ते सांगायला नको. पण नाव जेवढं मोठं तेवढं शुल्क मोठं, हा समज काढून टाकायला ही दोन उदाहरणं पुरेत. गर्दी तिथे सर्वांत जास्त, आणि तरी ते फुकट वाचतात.

कॅलिफोर्नियातलं 'रॅटल' नव्या आणि अनोळखी कवींना खरोखर जागा देतं. नियमित अंकासाठी शुल्क नाही, मानधन आहे. आठवड्याच्या बातम्यांवर लिहिलेल्या ताज्या कवितांसाठी त्यांचं वेगळं सदरही आहे. 'द थ्रीपेनी रिव्ह्यू' १९८० पासून बर्कलीहून निघतं, तेही फुकट वाचतं, मात्र तीच कविता दुसरीकडे पाठवलेली त्यांना चालत नाही. अद्भुत आणि विज्ञानाकडे झुकणारी कविता असेल तर २००० साली सुरू झालेलं 'स्ट्रेंज होरायझन्स' बघा. वय ११ ते १७ असेल तर ब्रिटनच्या पोएट्री सोसायटीची 'फॉयल यंग पोएट्स' ही स्पर्धा जगभरातल्या मुलांसाठी खुली आणि फुकट आहे. घरात लिहिणारं कुणी असेल तर त्यांना जरूर सांगा.

अनुवादासाठी ब्रिटनचं 'मॉडर्न पोएट्री इन ट्रान्सलेशन' हे टेड ह्यूज आणि डॅनियल वाइसबोर्ट यांनी १९६५ साली सुरू केलेलं नियतकालिक आणि २००३ मध्ये सुरू झालेलं 'वर्ड्स विदाउट बॉर्डर्स' ही दोन नावं आधी बघा. अनुवाद पाठवताना मूळ कवीची, कवी हयात नसेल तर हक्कदार वारसांची परवानगी लेखी घ्या, साधं ईमेलही चालतं. ती नंतर घेऊ म्हणाल तर होकार आल्यावर धावपळ होते. संपादक मूळ कविताही मागतात. ती युनिकोडमध्ये टाइप करा आणि सोबत पीडीएफ जोडा. जुन्या फाँटमधली देवनागरी परक्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा खच दिसतो आणि तिकडच्या संपादकाला वाटतं, मूळ लिपी अशीच असेल.

फाइल आणि पत्र

फाइलबद्दल थोडक्यात. सगळ्या कविता एकाच फाइलमध्ये, प्रत्येक कविता नव्या पानावर, साधा फाँट, १२ आकार. कविता एका पानावरून दुसऱ्यावर जात असेल तर तिथे नवं कडवं सुरू होतं की तेच चालू आहे, ते लिहा. नाव न लावता पाठवायचं असेल तर नाव फक्त पानावरून काढून भागत नाही. फाइलच्या नावात आणि वर्डच्या 'लेखक' या रकान्यातही ते बसलेलं असतं, तिथूनही काढा.

पत्राचा लोक उगाच धसका घेतात. माझं पत्र एवढंच असतं:

'माननीय संपादक, सोबत चार कविता पाठवत आहे: (नावं). चारही अप्रकाशित आहेत. त्या अन्यत्रही विचारार्थ पाठवल्या आहेत. कुठे स्वीकारल्या गेल्यास लगेच कळवीन. आपल्या मागच्या अंकातली अमुक कविता वाचली आणि हा संच आपल्याकडे पाठवावासा वाटला. आपली, अमुक.'

शेवटून दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. कवितेचा अर्थ, प्रेरणा, ती लिहिताना झालेला त्रास, यातलं काहीही पत्रात घालू नये. परिचय तृतीयपुरुषी, ५० ते ७० शब्दांत. याआधी काही छापून आलेलं नसेल तर तसं सांगायचीही गरज नाही. काय करता आणि कुठे राहता एवढं पुरे. कित्येक संपादकांना कवीची पहिलीच कविता आपण छापली याचा उलट आनंद असतो.

वही

सगळ्यात जास्त मी कुठे शिकले असेन तर या वहीत. वही म्हणजे खरं तर संगणकावरचा एक तक्ता, पण मी तिला वहीच म्हणते. तिची दोन पानं आहेत. एका पानावर नियतकालिकांच्या नावानं नोंदी: पाठवल्याची तारीख, कोणत्या कविता, शुल्क (इथे शून्य दिसलं पाहिजे), उत्तराचा अंदाजे काळ, काय उत्तर आलं. दुसऱ्या पानावर कवितांच्या नावानं: ही कविता आत्ता कुठेकुठे आहे.

दुसरं पान पहिल्या वर्षी नव्हतं. एक कविता पाच ठिकाणी गेली होती. मध्येच मी तिचं शीर्षक बदललं आणि पुढच्या दोन ठिकाणी ती नव्या नावानं गेली. एका नियतकालिकाचा होकार आला, मी आनंदानं बाकीच्यांना कळवून कविता मागे घेतली. 'बाकीचे' म्हणजे वहीत नव्या नावाखाली सापडले तेवढेच. अडीच महिन्यांनी जुन्या नावानं पाठवलेल्या ठिकाणाहूनही होकार आला. माफीचं पत्र लिहिलं. संपादकांचं उत्तर दोन ओळींचं होतं, सभ्य आणि थंड. तिथे मी पुन्हा कविता पाठवलेली नाही, धीरच झाला नाही. त्यानंतर प्रत्येक कवितेला क्रमांक दिला. शीर्षक कितीदाही बदलो, क्रमांक तोच राहतो.

एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवणं बहुतेकांना चालतं, फक्त होकार आल्याआल्या इतरांना कळवायचं असतं. त्याच दिवशी कळवा. सबमिटेबलवर पूर्ण संच मागे घ्यायचं बटण असतं, ते एका कवितेसाठी दाबू नका. पाचही कविता परत येतील. त्या नोंदीत संदेश लिहायची सोय आहे, तिथे 'संचातली तिसरी कविता दुसरीकडे स्वीकारली गेली आहे, उरलेल्या विचारात घ्याव्यात' एवढं लिहा. ज्यांना दुसरीकडे पाठवलेलं चालत नाही त्यांच्यासाठी वेगळा संच ठेवा, आणि जे लवकर उत्तर देतात अशांनाच तो मान द्या.

थांबण्याच्या काळात सबमिटेबलवर आपल्या नोंदीपुढे 'रिसीव्ह्ड'चं (पोचलं) 'इन-प्रोग्रेस' (काम चालू) झालं म्हणून रोज डोकावत बसू नका. पलीकडे कुणीतरी त्या नोंदीला हात लावला, एवढाच त्याचा अर्थ. सांगितलेली मुदत उलटून महिना झाला की विचारपूस करायला हरकत नाही, त्याआधी नको.

उत्तर आल्यावर

नकारांत दोन जाती असतात. एक सर्वांना जाणारा ठरावीक मजकूर. दुसरा, ज्यात एखाद्या कवितेचं नाव घेतलेलं असतं किंवा 'पुन्हा जरूर पाठवा' असं म्हटलेलं असतं. संपादकांकडे ढीग पडलेला असतो, उगाच कुणाला आणखी पाठवा म्हणायची त्यांना हौस नसते. या दुसऱ्या जातीला वहीत खूण करा आणि दोन वेळा कविता पाठवण्यात किती अंतर हवं याचा त्यांचा नियम पाळून नवा संच तिथे सर्वांत आधी पाठवा, पत्रात मागच्या पत्राची आठवण देऊन.

होकार आला की करार किंवा हक्कांचं वाक्य वाचा. साधारणपणे प्रथम प्रकाशनाचे हक्क मागतात, आणि ऑनलाइन असेल तर कविता जुन्या अंकांच्या साठ्यात ठेवण्याचा हक्क. छापून झाल्यावर हक्क कवीकडे परत येतात आणि पुढे पुस्तकात घेताना 'प्रथम प्रसिद्धी' म्हणून नियतकालिकाचं नाव द्यायचं, हे रास्त आहे. 'सर्व हक्क कायमचे आमचे' असं दिसलं तर थांबा आणि विचारा. विचारल्यावर बदलून देणारेही असतात. होकारानंतर पैशांची मागणी आली, संपादन शुल्क म्हणा, प्रतीची किंमत म्हणा, तर तो होकार नव्हताच. छापील नियतकालिक कवीला एखादी प्रत साधारणपणे आपणहून पाठवतं. पुशकार्ट प्राइझ किंवा 'बेस्ट ऑफ द नेट' अशा वार्षिक निवडींसाठी शिफारस संपादकच करतात, त्याचेही पैसे कवीनं द्यायचे नसतात.

अख्ख्या पुस्तकाचं किंवा छोट्या पुस्तिकेचं गणित इथून पुढे वेगळं होतं. इंग्रजीत पहिले संग्रह बऱ्याचदा स्पर्धांतून निघतात आणि तिथे शुल्क २० ते ३० डॉलर असतं. तरी काही छोटी प्रकाशनं वर्षातून थोडे दिवस हस्तलिखितं फुकट वाचतात. 'पोएट्स अँड रायटर्स'च्या छोट्या प्रकाशनांच्या सूचीत ती शोधावीत आणि तारखा कॅलेंडरवर टाकाव्यात.

कविता ऑनलाइन आली की त्याच दिवशी एक काम उरका. इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर जाऊन तुमच्या कवितेच्या पानाचा पत्ता टाका आणि 'हे पान जतन करा'वर दाबा. शिवाय एक पीडीएफ स्वतःकडे ठेवा. फुकट वाचणारी नियतकालिकं कुणाच्या तरी फावल्या वेळेवर चालतात आणि तो वेळ संपला की एका सकाळी पानच उघडत नाही. माझ्या दोन कविता आता फक्त त्या जतन केलेल्या पानांवर आहेत. नियतकालिक बंद पडलं तरी त्या प्रकाशितच धरल्या जातात, त्यामुळे वहीत त्यांना 'पुनर्मुद्रण' अशी खूण केली आहे. काही नियतकालिकं आणि संपादित संग्रह आधी आलेल्या कविताही घेतात, त्यांच्यासाठी हा ढीग.

मग होकार आलेली कविता वगळून संचात उरलेल्या चार कवितांमध्ये एक नवी घाला, तिला क्रमांक द्या, आणि उद्या १ तारीख असेल तर फुकटचे फॉर्म कुठेकुठे उघडताहेत ते आजच बघून ठेवा.